एक चौकोन मोकळा

सोमवार, २ तारीख
आले एकदाची! नोकरी मिळाली आणि राहायला खोलीही, तीही ऑफिसच्याच मागे. म्हणजे चप्पल शोधेपर्यंत कामावर पोचलेली असेन. खिडकीतून समोरच्या इमारतीची नुसती भिंत दिसते, पण आयत्या मिळालेल्या खिडकीला नावं कशाला ठेवा? काम माझ्या आवडीचं : लिफ्टवरच्या, तिकिटाच्या मशीनवरच्या पाट्यांसाठी जुन्या कॉम्प्युटरवर असायची तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं बनवायची. सोळा चौकोन आडवे, सोळा उभे. काळा भरायचा किंवा पांढरा सोडायचा, मधलं काही नाही. सध्या या जुन्या वळणाची पुन्हा फॅशन आलीय.
ठमी, माझी सात वर्षांची लेक, ताईकडे आहे. पंधरा तारखेला, रविवारी, ताई तिला घेऊन येईल. तिची गादी आत्ताच कोपऱ्यात घालून ठेवली.

बुधवार, ४
‘ळ’ने जीव खाल्ला. गोल काढायला जावं तर पायऱ्या होतात. शेवटी कोपऱ्यातला एकेक चौकोन सोडून दिला आणि लांबून पाहिलं, तर छान गोल! तपासनीस बाई खूश झाल्या. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या, प्रत्येक अक्षर डोळ्याला चिकटवून बघतात. म्हणाल्या, पोरी, तुला सोडायचं कळतं.

शुक्रवार, ६
इथली एक गंमत. फॉन्ट पुरा झाला की अक्षरांच्या तक्त्यात शेवटी उरलेल्या एका रिकाम्या घरात करणाऱ्याने स्वतःचं चित्र काढायचं, भोवती चौकट. बाईंनी दोनदा बजावलं, चौकटीचा खालचा एक चौकोन मोकळा ठेव. का, तर पद्धत आहे. माझं चित्र झकास जमलं, अंबाड्यासकट. मालकांना सगळे मोठे सर म्हणतात. तेसुद्धा बघून हसले.

शनिवार, ७
फाइल कारखान्यात गेली, दुपारपर्यंत चिपांवर उतरलीसुद्धा. पाठवण्याआधी एकदा हात फिरवला आणि सुटलेले ठिपके भरून टाकले. जुनी खोड माझी. ठमीलाही चित्र रंगवताना मधे पांढरं सोडू देत नाही, सोडलं तर पुन्हा बसवते.
जेवताना आठवलं, चौकटीतला चौकोनही भरला गेला. सोमवारी बाईंची बोलणी खाईन. एवढ्याशा ठिपक्याने काही आभाळ कोसळत नाही.

रविवार, ८
सकाळी भाजी आणायला निघाले. तीन मजले उतरले आणि समोर आमचंच दार, आमचीच पाटी. डोकं ठिकाणावर नाही म्हणून स्वतःलाच हसले. पुन्हा उतरले. पुन्हा तेच. पाच वेळा. दुपारी बटाटे होते तेच उकडले.

सोमवार, ९
ऑफिसकडचं दार मात्र नीट उघडलं. बाईंना सांगितलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या. माझ्यासमोर त्यांनी फाइलमधला तो चौकोन पुसला. तो आपोआप परत भरला. पुन्हा पुसला, पुन्हा भरला. माझ्या आधीच्या माणसाचंही असंच झालं, म्हणाल्या. तो कुठे असतो विचारलं, तर त्यांनी त्याचा फॉन्ट उघडला. शेवटच्या घरात बंद चौकट, आत टोपीवाला माणूस, गुडघ्यांत डोकं घालून बसलेला.
बाई म्हणाल्या, काढला तेव्हा उभा होता.
मोठे सर म्हणाले, पाट्या विकल्या गेल्यात, आता काही करता येणार नाही.

बुधवार, ११
ऑफिसकडे जाणारं दार उघडलं की हीच खोली. जिन्याचं दार उघडलं की हीच खोली. भिंतीपलीकडे बाईंचा आवाज येतो, मला हाका मारतात. मी ओरडते ते त्यांना ऐकू जात नाही. ताईला फोन लावला, नुसती टीं-टीं. कपाची कड गोल राहिलेली नाही. पायऱ्या झाल्यात.
रविवारच्या आत बाहेर पडायलाच हवं. ठमी येईल आणि मी नसेन.

शुक्रवार, १३
बोटं वेगळी होत नाहीत. पेन कसंबसं —
खिडकीत भिंत नाही आता. काच आहे, आणि काचेत बाईंचा चेहरा, खिडकीएवढा. रडत होत्या. मी हात हलवला.

रविवार, १५
आल्या. ठमी, ताई. खिडकीभर.
सर ताईला सांगतायत, मी न सांगता निघून गेले. खोटारडा! बाईंना आज सुट्टी.
ठमीने ओळखलं. आईचा अंबाडा म्हणाली. ताईचं लक्ष नाही, ती सरांशी भांडतेय. सरांनी ठमीला कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसवलं, खेळ म्हणाले —
माझ्या शेजारचं घर रिकामं आहे. ती तिथे काढतेय. दोन वेण्या. फ्रॉक. आई एकटी नको म्हणतेय.
एक क्षण वाटलं, येऊ दे. कुशीत घेता येईल. मी असं कसं — आई ना मी —
काच बडवतेय. ठमे, नको.
आता चौकट. वरची बाजू झाली. डावी. उजवी.
खाली एकच राहिलाय. थांबली. मान वाकडी करून बघतेय, चित्र पुरं झालं की बघते तशी. सोडला! सोडला तिने —
नाही. पांढरं दिसलं तिला.
मीच शिकवलं. ठमे, राहू दे ते पांढरं, आई रागावणार नाही, राहू दे, रा