गटाराच्या जाळीवरचं पिल्लू

मंगळवार, संध्याकाळ

कुत्र्यांची पिल्लं वाटणाऱ्या माझ्या बंधूंनो, लोक मुक्या जिवाला नीट सांभाळत नाहीत, ही आपल्या सर्वांची तक्रार! सभा असती तर मी असाच सुरू झालो असतो. आज मात्र शिसारी आली.

मी दिलेलं पिल्लू शेजारचे पाटील गटारावरच्या लोखंडी जाळीवरून पट्ट्यानं ओढत होते. ते थरथरत तिथंच मुतलं. मी ओरडलो, "अहो पाटील, सोडा त्याला!"

"सवय लागाय पायजे की, सर. ह्ये मातीवर बी पाय ठेवत न्हाय. तालमींच्या गावात जन्मलंय आन् मातीला भितंय! गालिच्यावर वाढवलंसा व्हय?"

गालिच्यावर नव्हे, फरशीवर. रोज फिनेल मारलेल्या फरशीवर. दोन महिने एकाही पिल्लाला मी जिना उतरू दिला नाही, कारण चिखलाचे पाय मला घरात नको होते. आणि भूतदयेवर व्याख्यानं देत फिरलो! त्या जाळीवर ओढणं हे पाटलांचं पाप. पण ती भीती? ती शिदोरी मीच बांधून दिली. किळस पाटलांची आली होती, आता स्वतःची येते.

गॅलरीत अजून दोन पिल्लं आहेत. स्वतःलाच बजावतो: उद्या सकाळी त्यांना खाली ने, मागच्या ओल्या मातीवर ठेव. ओढू नकोस, शेजारी बस.