सगळ्या कामाची एकच बंदूक

कुणकेश्वर
२७ ऑगस्ट २०२३

चि. शौनक यास माईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. फोनवर माका आता काही ऐकू येत नाही म्हणून तू कागदावर लिहितोस, हे बहिऱ्या कानांचे नशीबच म्हणायचे. चौथी शिकलेल्या म्हातारीला कॅनडातला इंजिनियर नातू विचारतो की शिकारीची बंदूक खंयची घेऊ, हे वाचून मी एकटीच हसत बसले. मग लगेच वाईटही वाटले. एक तर श्रावण, उद्या सोमवार, देवळात गर्दी, नि मी बंदुकीच्या गजाली लिहितंय. दुसरे, तुझ्या आईने, स्वप्नाने, मला बजावले आहे की माई, त्याला चढवू नका. मी ऐकू न आल्यासारखे केले. कानांचा असा फायदा घेऊ नये, कळते रे, पण घेतला.

तू काढलेली तिन्ही बंदुकांची चित्रे विश्रामला दाखवली. तुझ्या आजोबांच्या, भाईंच्या, पारधीतला तोच एक उरलाय. त्याने सर्वांत मोठीवर, त्या मॅग्नमवर, बोट ठेवले. त्याला सगळे मोठेच लागते, जेवणाचे ताटसुद्धा. त्याचे ऐकू नको. भाईंनी एकदा पाहुण्याची तसली मोठी बंदूक उडवली नि कितीतरी दिवस खांद्याला हळद लावून बसले. पुढे घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटायचे. दणक्याची भीती बसली की नेम गेला. लहान बंदूक हरणाला पुरेल, पण तुमच्याकडचे ते रेड्याएवढे मूस तिने नुसते जखमी होईल नि रानात तडफडत राहील. ते पाप. म्हणून मधली घे, ती थ्री-ओ-एट. सगळ्या कामाला ती एकच बास. जाड कोट नि हातमोजे घालून खांद्याला लावून बघ. दुकानात सदऱ्यावर बघशील, नि बर्फात बोट घोड्यापर्यंत पोचायचे नाही.

दुर्बीणही फार मोठी नको. तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी लिहिलीस ती बरी. रानात चालताना तीनवरच ठेव. जवळचे जनावर मोठ्या दुर्बिणीत आले की नुसते केस दिसतात, मान खंय नि पाय खंय ते समजत नाही.

बायकोला, किशोरीला, विचारून घे. ती रागावली तर माझे नाव सांग. नको, सांगू नको.

लोभ आहे तो आटू देऊ नको.

तुझी
माई

•

कॅलगरी
१४ नोव्हेंबर २०२३

ती. माईस शौनकचा पाडव्याचा नमस्कार.

मधलीच घेतली आणि पहिल्याच खेपेला हरण मिळालं. झाडीतून एकदम समोर आलं. दुर्बीण तीनवर होती म्हणून जमलं, नाहीतर तू म्हणतेस तसे केसच दिसले असते. तुझं पत्र कोटाच्या खिशात होतं. एकाच गोळीत गेलं, तडफडलं नाही. सोबतच्या फोटोत मी हसतोय, पण जवळ गेल्यावर आधी टोपी काढून त्याला हात जोडले. हे फक्त तुला सांगतो.

किशोरी बरी आहे. जेवण जरा कमी झालंय, काळजी नको. आईला फोटो दाखवू नकोस.

माया आहे तशीच असू दे.

तुझा
शौनक

•

कॅलगरी
३ डिसेंबर २०२३

ती. माईंना किशोरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काल तिसरा महिना पूर्ण झाला, म्हणून आज सगळ्यांना सांगतेय. माई, तुम्ही पणजी होणार. आईंना फोन केला, वालावलला आमच्या घरीही केला. तुम्हाला मात्र मला लिहायचंच होतं, कारण एक गोष्ट फोनवर कुणाला विचारता येत नाही.

आमच्याकडे म्हणतात की बायको गरोदर असताना नवऱ्याने जीव मारू नये. शौनकला हे ठाऊक नव्हतं. मला होतं. तो शिकारीला निघाला तेव्हा आम्हा दोघांनाही दिवस राहिल्याचं कळलेलं होतं. पण तो लहान मुलासारखा खूश होता, तुमचं पत्र घडी घालून खिशात ठेवत होता. मी अडवलं नाही. आता ते मटण फ्रीजरमध्ये आहे आणि मला फ्रीजरचं दार उघडवत नाही. शौनकला विचारलं तर तो हसेल, किंवा हसणार नाही, आणि ते जास्त वाईट.

तुम्ही खरं ते सांगा. असं काही असतं का?

आशीर्वादाची वाट पाहते.

तुमची
किशोरी

•

कुणकेश्वर
२८ डिसेंबर २०२३

चि. सौ. किशोरीस माईचे दोन जिवांना आशीर्वाद.

पत्र वाचले नि मी विश्रामला बोलावून साखर भरवली. त्याला डॉक्टरने साखर बंद केली आहे, तरी मेल्याने दुसऱ्यांदा हात पुढे केला.

तू विचारलेस त्याचे. अगो, वालावलात म्हणत असतील, आमच्याकडे तसे काही नाही. सुदेश पोटात असताना भाई पारधीला गेले नि रानडुक्कर घेऊन आले. मी स्वतः वाटण वाटले, नि दोनदा वाढून घेतले. तुझ्या सासऱ्याला काय झाले? नाक जरा मोठे आहे, पण ते भाईंचेच नाक. तेव्हा फ्रीजरचे दार खुशाल उघड. मटण नको वाटत असेल तर शौनकच्या मित्रांना वाटून टाक. तू गरम गरम पेज खा, पोट झाकून ठेव, नि हा विचार डोक्यातून काढून टाक. बंदूक मी सांगितली, दुर्बीण मी सांगितली. तुझा त्यात काडीचा दोष नाही.

जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझी
माई

•

कुणकेश्वर
२८ डिसेंबर २०२३

चि. शौनक यास आशीर्वाद. हे पत्र किशोरीला दाखवायचे नाही.

तिला आज मी एक पत्र लिहिले आहे, ते खोटे आहे. गरोदर बाईच्या घोवाने जीव मारू नये, हे आपल्याकडेही पाळतात. सुदेशच्या वेळी भाईंनी बंदुकीला हात लावला नाही. वानर माडावर चढून कोवळे नारळ खाली टाकायचे नि भाई खाली डबा बडवत फिरायचे. देवापुढचा नारळसुद्धा विश्रामकडून फोडून घेत. मी हसायचे त्यांना.

खरे खोटे देवाला ठाऊक. पण पोर घाबरली आहे, नि घाबरलेल्या बाईला माका खरे सांगता येईना. तुला दोन गोड शब्द लिहिताना मला एवढा आनंद झाला होता की घरात दिवस राहिले तर थांब, एवढे लिहायचे सुचले नाही. तुम्ही तीन महिने सांगणार नाही, हे मला कळायला हवे होते. काल देवळात जाऊन सांगून आले की पोराला ही रीत माहीत नव्हती, नेम माझ्या सांगण्यावरून धरला, काय असेल ते माझ्याकडे मांड.

आता तू एक कर. मूल हातात येईपर्यंत बंदूक उचलू नको. तिला कारण विचारू देऊ नको, हंगाम संपला म्हणून सांग. बंदुकीच्या पेटीला कुलूप लाव. पण किल्ली घरात ठेवशील तर मित्र बोलावतील नि तू जाशील, मी तुला ओळखते. किल्ली पाकिटात घालून माझ्याकडे धाड.

मी ती उशाखाली ठेवीन. मूल घेऊन दोघे या, नि घेऊन जा.

तुझी
माई