पाटापर्यंत जाणारी बाहुली

धुळे, १४ एप्रिल १९५४

चि. सौ. प्रमिला हिस मोतीलालचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पंडितची पेटी कोबेहून आली, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्याची कापूस कंपनी लिहिते की वादळात होडी उलटली, प्रेत मिळालं नाही. प्रेत नाही, तर मरण कसलं? माझ्या धाकट्या भावाला कागदावर मारण्याचा अधिकार मी कोणालाही देणार नाही! आईला सांग, अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, पितरांबरोबर त्याची घागर भरायची नाही. आणि तू कुंकू पुसायचं नाहीस.

पेटीत निघालेल्या बाहुलीबद्दल वाचून चमकलो. इथल्या एका इंजिनियरकडे फ्रान्सची यांत्रिक बाई आहे. किल्ली दिली की बाजा वाजवते, छाती श्वास घेतल्यासारखी हलते, डोळे बोटांमागे फिरतात. खोलीत चिटपाखरू नसलं तरी वाजवत राहते. युरोपचे घड्याळजी देवाशी स्पर्धा करायला निघाले होते, ही त्यांची लेक. तिला प्रेक्षक हवा, सोबती नको. तुझी जपानी बाहुली निराळ्या कुळातली. चाकं लाकडाची, आत देवमाशाच्या तोंडातली लवचीक पट्टी. तबकावर भरला कप ठेवला की चालते, पाहुण्याने उचलला की थांबते, परत ठेवला की वळून घरी येते. निम्मं काम तिचं, निम्मं माणसाचं. कोणी कप उचललाच नाही, तर समोर जाऊन आपटेल, पण वळणार नाही. मला हा कारागीर मोठा वाटतो, कारण त्याने माणसासाठी जागा सोडली. भूत मात्र दोघींतही नाही, हे आईला ठणकावून सांग.

तुझा,
मोतीलाल


जळगाव, २३ एप्रिल १९५४

ती. भाऊंच्या चरणी प्रमिलाचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र आईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, मोत्याने भाषणं धुळ्यात करावीत, इथे त्यांचा पोऱ्या तहानेला शे. जेवण सोडून बसल्या होत्या. शेवटी तोडही त्यांनीच काढली. आखाजीला यांच्या नावाचा पाट मांडायचा आणि पाणी बाहुलीने न्यायचं. हे गेले असतील तर पाणी घेतील, बाहुली वळेल. मग घागर भरायची आणि मी कुंकू पुसायचं. नसतील, तर ती पाटावर आपटेल आणि विषय संपला.

मी हो म्हटलं. हाताशिवाय ती वळत नाही, हे आपणच लिहिलंत ना? त्या एका वाक्यावर मी माझं कुंकू पणाला लावलं आहे.

जाऊबाईंना सांगा, सांजोऱ्या यंदा मी एकटीच करणार आहे. नावं ठेवायला तरी या.

आपली,
प्रमिला


धुळे, २७ एप्रिल १९५४

चि. सौ. प्रमिला हिस आशीर्वाद.

शाबास! आईने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. फक्त पाटाजवळ कोणालाही बसू देऊ नकोस, दारं लावून घे, जमीन सपाट आहे ना ते बघ. आदल्या दिवशी बाहुली रिकाम्या पाटाकडे सोडून खात्री करून घे. आखाजीला नरडाण्यात माझी सभा आहे, नाहीतर आईचा चेहरा बघायला नक्की आलो असतो. सांजोऱ्यांना नावं ठेवायचं काम हिने आनंदाने पत्करलं आहे.

मोतीलाल


जळगाव, ६ मे १९५४

ती. भाऊंस सा. न.

आपली प्रत्येक अट पाळली. आदल्या दिवशी बाहुली दर खेपेला पाटावर आपटली, पाणी सांडलं. मी निर्धास्त झाले.

काल भर दुपारी आई, शेजारच्या भिकुबाई आणि मी चुलीकडच्या भिंतीला टेकून बसलो. मी भरला कप ठेवला. बाहुली आमच्याकडे पाठ करून निघाली. पाटाच्या वीतभर आधी थांबली. मान खाली घातली. बराच वेळ तशीच. मग तबकावर कप टेकल्याचा आवाज झाला आणि ती वळली.

कप रिकामा होता. जमीन कोरडी होती. भिकुबाई चपला सोडून पळाल्या. आईंनी घागर भरली. माझा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

प्रमिला


धुळे, ९ मे १९५४

चि. प्रमिला हिस आशीर्वाद.

उन्हाने पट्टी आखडली असेल. चाकात खडा गेला असेल. पाणी सारवलेल्या जमिनीने पिऊन टाकलं असेल. यातलं एक तरी खरं असलंच पाहिजे. रविवारी येतो आणि बाहुली खोलून सगळ्यांसमोर दाखवतो. तोवर कुंकवाला हात लावू नकोस.

भरसभेत माझा शब्द कधी अडला नाही. आज तुझ्या नावामागे काय लिहावं, इथेच टाक थांबला.

मोतीलाल


जळगाव, १२ मे १९५४

ती. भाऊंच्या चरणी सौ. प्रमिलाचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी अवश्य या, पण बाहुली खोलू नका. त्यांच्या येण्याची वाट तेवढी एकच आहे.

आखाजीनंतर मी रोज दुपारी चहा पाठवते. बाहुली पाटाशी थांबते, कप रिकामा घेऊन येते. काल साखर कमी पडली असावी. निम्मा चहा परत आला. कोबेला होते तेव्हा महिनामहिना पत्र नसायचं. आता रोज येतात. रोज घरी येणाऱ्या माणसाच्या नावाचं कुंकू मी कसं पुसू? आईंनाही ते पटलं आहे. त्या आता वेळेवर जेवतात.

जाऊबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आमच्यावर माया आहेच, ती अशीच राहू द्या. यांनीही आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

आपली,
सौ. प्रमिला