सर्दीच्या सह्या

वीडन, मिसुरी
११ एप्रिल २००८

ती. व्हर्नाताई,

वाकून नमस्कार करायचा तर माझी कंबर आड येते, म्हणून खुर्चीत बसूनच करतो. तू तिकडे नेब्रास्कात तो वाकून केलेलाच धर. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? भावोजी कानातलं यंत्र लावतात का, की अजून खिशातच घालून फिरतात? (मागच्या वेळी फोनवर मी त्यांना हवा विचारली आणि त्यांनी मला डुकरांचा भाव सांगितला, म्हणून विचारतो.) माझी तब्येत बरी आहे. औषधांचं दुकान चालू आहे. नदीला यंदा पाणी जास्त आहे.

तू नाताळच्या पत्रात विचारलं होतंस, की दुकानात हल्ली ती कसली वही ठेवलीस, म्हणून. उत्तर द्यायला साडेतीन महिने लागले, कारण उत्तर एका ओळीचं नाही. नाक मोकळं करणारी साधी गोळी आपण लहानपणापासून घेत आलो, तीत सुडोएफेड्रिन नावाचं द्रव्य असतं. ते बाजूला काढून लोक नशा शिजवायला लागले. आपल्या जिल्ह्यात तर अशा भट्ट्या इतक्या झाल्या, की ओसाड गोठ्यातून धूर दिसला तर आग विझवणारे आधी नाकाला फडकं बांधतात. तेव्हा सरकारने कायदा केला: ही गोळी मांडणीवर ठेवायची नाही, काउंटरमागे कुलपात ठेवायची. एका माणसाला महिन्याला नऊ ग्रॅम, त्यावर कणभरही नाही. घेणाऱ्याचं फोटो असलेलं ओळखपत्र बघायचं आणि वहीत नाव, पत्ता, तारीख, वेळ लिहून सही घ्यायची. कायदा चांगला आहे. करणाऱ्यांनी वीडनमध्ये कधी दुकान चालवलेलं नाही, एवढाच त्यात दोष.

इथे कुणाचं नाव विचारायचं, सांग! ज्यांच्या बारशाचा केक मी खाल्ला त्यांना मी म्हणायचं, "आपण कोण, जरा दाखवता का?" पहिल्या आठवड्यात निम्म्या गावाला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला, आणि दोघीजणी तर माझी विचारपूस करायला घरी येऊन गेल्या. आपल्या शाळेतल्या ब्रँडहोर्स्टबाई आल्या तेव्हा तर फारच झालं. बाई आता एक्याऐंशीच्या आहेत, गाडी कधी चालवलीच नाही, त्यामुळे लायसन्स नाही. मी म्हटलं, बाई, फोटो असलेलं काहीतरी लागतं. त्यांनी पर्समधून १९५८ सालचा शाळेचा फोटो काढला, त्यात त्या मधोमध उभ्या आणि पहिल्या रांगेत मी, पुढचे दोन दात नसलेला. म्हटलं, बाई, हा चालत नाही. त्यावर त्या काय म्हणाल्या ते तसंच लिहितो: "अर्विन होल्शर, तू नऊ वर्षांचा असताना पियानोखाली लपला होतास, तेव्हा पायाला धरून तुला मीच ओढून बाहेर काढलं. तू कोण, असं मी तेव्हा विचारलं नव्हतं." आणि तशाच शिंकत निघून गेल्या. त्याच दिवशी पलीकडच्या जिल्ह्यातलं एक तरुण जोडपं आलं, कधी न पाहिलेलं, नखं काळी, डोळे तांबारलेले. पण लायसन्स चकचकीत. कायद्याप्रमाणे त्यांना नाही म्हणायला मला काही जागाच नव्हती. गोळ्या दिल्या, आणि त्यांनी वर मला देव भलं करो म्हटलं.

नंतर वहीचं भलतंच झालं. सही करताना लोक वरची नावं वाचायला लागले. कुणाच्या घरी सर्दी आहे ते गावाला माझ्या वहीतून कळायचं, आणि संध्याकाळपर्यंत त्या घरी कोंबडीच्या सूपची तीन भांडी पोचायची. (दंतवैद्याच्या बायकोचं नाव सलग दोनदा दिसलं, तर चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली. तिला नुसती परागाची शिंक होती.) शेवटी मी पुठ्ठ्याला एका ओळीपुरती खाच पाडली आणि तो वहीवर ठेवायला लागलो, तर लोक नाराज झाले, म्हणाले, अर्विन काहीतरी लपवतोय. सप्टेंबरात मलाच सर्दी झाली. आता विकणाराही मी आणि घेणाराही मीच. कायद्यात सूट नाही. मी स्वतःला लायसन्स दाखवलं, फोटो माझ्यासारखा वाटत नव्हता म्हणून जरा घुटमळलो, मग दोन्ही रकान्यांत सह्या केल्या. त्या सह्या एकमेकींशी जुळत नाहीत, ते नंतर दिसलं.

इथवरचं हसण्यासारखं. पुढचं तसं नाही.

तुला डेल्मर फ्रिट्झ आठवतोच; तुला शाळेच्या नाचाला घेऊन निघाला आणि गाडी खड्ड्यात घातली तो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरामागच्या शेडमध्ये गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो, आणि चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या रांगेत माझ्या शेजारी उभा राहून खर्जात गातो. त्याची एकुलती एक मुलगी रोशेल, ती लहान असताना तू पाहिलीयस. मोठेपणी ती काउंटी रोडवर ट्रेलरमध्ये, म्हणजे त्या चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, एका माणसाबरोबर राहायला गेली, आणि गाव तिच्याबद्दल हळू आवाजात बोलायला लागलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेरीफचा डेप्युटी रॉय्स पिकेट आला. तीस-बत्तीसचा असेल, अदबीचा. म्हणाला, "काका, आजूबाजूच्या चारही दुकानांच्या वह्यांच्या नकला काढतोय. एकेका वहीत सगळे सरळ दिसतात, चार शेजारी ठेवल्या की खरं काय ते दिसतं. तुमची उद्या सकाळी नेतो." तो गेला आणि मी पहिल्यांदाच ती वही आपली म्हणून वाचायला बसलो. आणि मला डेल्मर दिसला. दर दहा दिवसांनी एक पाकीट, नियमात बसणारं, कणभरही जास्त नाही. शाळेत शिकवलेल्या वळणाची नीट सही, प्रत्येक वेळी तशीच. प्रत्येक पाकीट मीच त्याच्या हातात दिलं होतं, वर काळजी घे म्हटलं होतं. आणि ताई, दर रविवारी तो माझ्या खांद्याला खांदा लावून गात होता! नाक चोंदलेल्या माणसाचा खर्ज असा लागत नाही. हे माझ्या कानाला तीन महिने ऐकू येत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं.

मी दुकान दुपारीच बंद केलं. (अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्यांदा, पहिल्यांदा आई गेली तेव्हा.) तो शेडमध्ये पातं घासत होता. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्याने मान वर केली आणि सगळं विसरलो. म्हटलं, "डेल्मर, तुला सर्दी नाहीये."

"नाहीये," तो म्हणाला.

"मग ती पाकिटं?"

त्याने पातं खाली ठेवलं, हात पुसले, बराच वेळ पुसले. "पोरगी दोन-दोन महिने येत नव्हती रे. फोन उचलत नव्हती. एक दिवस आली, म्हणाली, पप्पा, सर्दी झालीये, माझं लायसन्स हरवलंय, एक पाकीट आणून देता? दिलं. दहा दिवसांनी परत आली. मी मांस-बटाटे शिजवले होते. दोनदा वाढून घेतलं तिने, अर्विन."

"तू दुसऱ्या गावातूनही आणायचास?"

"ती मग पाच दिवसांनी यायला लागली."

मी विचारलं, की तुला ठाऊक नव्हतं का. तो म्हणाला, "त्या नशेने काळे पडून झडलेले दात बघितले ना मी तिचे. ठाऊक कसं नसणार?" आणि मग माझ्याकडे न बघता, "मी नाही म्हटलं असतं तर ती आलीच नसती. तू काय केलं असतंस, सांग."

मला मूलबाळ नाही हे त्या क्षणी त्याच्या तोंडावर आलं असणार. त्याने ते बाहेर पडू दिलं नाही, हा त्याचा मोठेपणा. मी एवढंच सांगितलं, की वही उद्या जाणार आणि यापुढे मी तुला गोळी देणार नाही. हे सांगणं कायद्यात बसत होतं की नाही, मी कुणाला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. तो म्हणाला, "किती वाजता येणार रॉय्स?" म्हटलं, मी नऊला उघडतो. त्याने पातं परत उचललं. मला वाटलं, रात्रीतून हा पोरीला गाडीत घालून दुसऱ्या राज्यात नेईल. खरं सांगतो, मला थोडं तसंच व्हावं असं वाटत होतं.

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना डेल्मर माझ्या दारात उभा होता. अंगात चर्चचा कोट, दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याचा टिपका. एकटाच. आत आला नाही. रॉय्सची गाडी लागली तसा त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "वही नंतर बघ. ट्रेलर कुठला ते मी सांगतो. तेवढं माझी पोरगी आत असताना दार जोरात तोडू नका, तिथे काय काय मांडलंय देव जाणे." रॉय्सने डोक्यावरची हॅट काढली. तो रोशेलच्याच वर्गातला. मग दोघं माझ्या दुकानात औषध घ्यायला आलेल्यांच्या बाकावर बसले, आणि डेल्मरने सगळं सांगितलं, स्वतःचंही, एकही पाकीट न लपवता. मी पलीकडे उभा राहून एकाच बाटलीतल्या गोळ्या चार वेळा मोजल्या.

रोशेलच्या एका हाताची कातडी भाजलेली होती; बाकी सुखरूप. तो माणूस तुरुंगात आहे. न्यायाधीशबाईंनी रोशेलला तुरुंगाऐवजी व्यसन सोडवणाऱ्या घरात पाठवलं, सहा महिन्यांसाठी. डेल्मरला कडक समज आणि वर्षभराची देखरेख मिळाली, आणि ही गोळी विकत घ्यायची त्याला बंदी. गाव दोन्हीकडून बोललं. काही म्हणाले, बाप असून पोरीला धरून दिलं; काही म्हणाले, बाप असून तिला पुरवत होता. दोन्ही खरंच होतं, म्हणून तो कुणालाच उत्तर देत नव्हता. माझ्याशी तर बोलणंच बंद. फक्त रविवारी शेजारी उभा राहून गायचा, कारण रांगेत जागाच तिथे होती.

गाणं संपलं की थेट पिकअपमध्ये बसून दीड तास लांब, रोशेलला ठेवलेल्या त्या घरी जायचा, मांस-बटाट्यांचं भांडं घेऊन. भांडं आत नेऊ देत नाहीत. रोशेल भेटायला बाहेर येत नव्हती. मग हा गाडीत बसून ते गार झालेलं स्वतः खायचा आणि परत यायचा. असे नऊ रविवार, ताई, भर हिवाळ्यात. शेवटी त्याला सर्दी झाली. खरी. डोळे गळतायत, नाक लाल, आवाज बसलेला, असा माझ्या काउंटरसमोर येऊन उभा राहिला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला: "आता?" तीन महिने धडधाकट माणसाला मी गोळ्या दिल्या होत्या, आणि आता तो खरोखर आजारी होता तर मला देता येत नव्हत्या. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे, आणि आम्ही दोघं दुकानात असे हसलो की तो खोकून बाकावरच बसला. मी त्याला मागे नेलं, गरम पाण्याच्या वाफेत डोकं घालायला लावलं, वर टॉवेल टाकला. टॉवेलखाली तो बराच वेळ होता. वाफेने डोळ्यांतून पाणी येतंच, तेव्हा मी काही बघितलं नाही.

दहाव्या रविवारी तो तसाच शिंकत गेला आणि रोशेल बाहेर आली. दहा मिनिटं बसली, एक शब्द बोलली नाही. उठताना म्हणाली, "या थंडीत टोपी न घालता फिरता? अक्कल आहे का तुम्हाला?" डेल्मरने हे मला ईस्टरच्या तालमीत सांगितलं, एखाद्याने सरकारी पदक दाखवावं तसं.

मी योग्य केलं का, याचा मी पुष्कळ विचार करतो. वही रोज लिहितो. आता लवकरच सगळ्या दुकानांची वही संगणकात एक होणार म्हणतात, मग कुणाला एक दिवस आधी सांगायला मुभाच राहणार नाही. ते बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

भावोजींना नमस्कार. गुडघ्यावर जोर देऊ नकोस.

तुझा धाकटा,
अर्विन

ता. क. — रोशेल जूनच्या सुरुवातीला सुटते. याच जिल्ह्यात परत आली तर जुने लोक आठवड्यात दारात येतील, असं तिथल्या बाई म्हणतात. तिला लांब घर हवं आणि हाताला काम. तुमच्या रोपवाटिकेत माणसं टिकत नाहीत, अशी भावोजींची तक्रार असते ना? मुलगी कष्टाळू आहे, आणि तुझ्यासमोर कुणी खोटं बोलून टिकलंय असं मला आठवत नाही. तिला ठेवून घे, ताई. या पत्रात मागण्यासारखं एवढंच आहे.

ता. क. २ — डेल्मर स्वतः कधीच विचारणार नाही. म्हणून मी त्याला सांगून टाकलंय, की ही कल्पना तुझीच आणि तू खोली रंगवायलाही काढलीस. रविवारी तो रोशेलला सांगणार आहे. त्याआधी त्याचा फोन येईल आणि तो आभार मानायला लागेल, तेव्हा दचकू नकोस. हे पत्र शुक्रवारी पोचेल अशा बेताने टाकतोय. नाही म्हणायचं असेल तर मला शनिवारी कळव. शनिवारी मी दिवसभर नदीवर मासे धरायला जाणार आहे. तिथे फोन लागत नाही.