भिंतीतली भोकं

प्रिय बेगिमाय,

तू बांधलेल्या शाळेत थंडी शिरत नाही, हे खरं. बाहेर नदी गोठलीय आणि माझ्या चौथीच्या वर्गातली पोरं स्वेटर काढून बसतात. पण दुपारपर्यंत निम्मी पेंगतात, कुणाकुणाचं डोकं दुखतं. त्यामुळे गावाची तोंडं सुटलीयत. थंडी अडवायला तू भिंतीत भरलेला तो कापूस विषारी आहे म्हणे! दुकानात शायिरबुबू मला ऐकवून म्हणाली, "बिश्केकला शिकलं की शाळा बांधता येत नाही, थर्मास बांधता येतो." मी साखर न घेताच परत आले.

मला संशय बॉयलरवाल्या तोकोनचा, तोच काहीतरी बिघडवत असणार. त्याचा जन्म शाळेच्या बॉयलरपाशी गेला. तू कोळसा निम्म्यावर आणलास, तेव्हा शाळेच्या कोळशावर चालणारी त्याच्या घरची शेगडीही विझली असणार. म्हणून मी पाळत ठेवली. तळघरात मागोमाग गेले, तर हसत म्हणाला, "बाई, चहा हवाय की चोर?" चहा घेतला. पण एवढं गोड बोलणारा माणूस सरळ असतो का?

तुझे बाबा बरे आहेत. लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या टोप्या शिवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला तुझी शाळा दाखवतात. पहिल्या बर्फाआधी दरवर्षीसारखे सगळे पालक खिडक्यांच्या फटींवर खळीने कागद चिकटवायला आले होते. तुझ्या खिडक्यांना फटच नाही, तरी चिकटवलेच! बाबाही शिडी घेऊन गेले. घरी येऊन म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण काहीतरी उघडं राहूनच जातं. असू दे, मी बंद केलं." मला वाटलं, तुझ्या खोलीच्या खिडकीचं बोलतायत.

छताजवळच्या जाळ्यांतून ताजी हवा येते, असं तू सांगितलं होतंस. ते आठवून काल शाळा सुटल्यावर मी बाकावर चढले. जाळी काढली, तर आत बोळा! म्हटलं, तोकोन, आता तुझी खैर नाही. बोळा ओढून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. टोपीचा पांढरा नमदा, कडेला काळ्या दोऱ्याची दुहेरी टीप. भिंतीत कोंबायच्या तुकड्याचीही कड बाबांना उसवती ठेववली नाही गं. सगळ्या वर्गांत तेच. पाहून झाल्यावर बोळे होते तसे परत लावले.

शनिवारी पालकसभा आहे. जुना मोठा बॉयलर परत चालू करायचा आणि तुझी ती हवेची यंत्रणा उखडायची, असा ठराव येणार. मी खरं सांगितलं, तर बाबांची मान गावापुढे खाली जाते. गप्प बसले, तर तुझी, आणि पोरं पेंगत राहणार. आज वर्गांची दारं उघडी ठेवायला लावली, तर सगळी ऊब निघून गेली. बोळे मी काढले, तर बाबा पुन्हा भरतील. माझं ऐकतात कधी? तुझा फोन आला की ते शेजारी कान लावून बसतात, म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्याच्या हाती देतेय. तू सभेआधी ये. त्यांनाच शिडी धरायला शाळेत ने आणि ती भोकं कशासाठी ते तूच दाखव. रागावू मात्र नकोस. तुझी चूक कुणाला दिसायच्या आत आपण झाकली, असं त्यांना वाटतंय.

तुझीच,
आई