शाळेची चूल

मु. कोहकानार, पो. आलापल्ली, जि. चांदा
ता. २२ ऑगस्ट १९५५

तीर्थरूप सौ. इंदुताईस,
पत्रूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र लिहायचं लांबवलं, हे आधीच कबूल करतो. शाई नव्हती असं लिहिणार होतो, पण शाळेत शाईच तेवढी मुबलक आहे. पोरं लिहीतच नाहीत तर संपणार कुठून. मागं एकदा लिहायला बसलो तर नदीला पूर आला म्हणून बघायला गेलो. त्यात एक अख्खं सागाचं झाड उभंच्या उभं वाहत चाललं होतं, त्याच्या मागं काठाकाठानं किती लांब गेलो ते कळलंच नाही. परत आलो तो टाक कुठं ठेवला ते आठवेना. आता सापडला. हरकारा पूर उतरला की निघणार आहे, म्हणून घाईनं लिहितो.

भाऊजींनी खटपट करून मला जिथं चिकटवलं ती शाळा म्हणजे एक झोपडी. आत एक फळा, त्याच्यावर खडू उमटत नाही. आणि आमचे हेडमास्तर नथ्थूजी, त्यांच्यावर काहीच उमटत नाही. ते वर्ध्याकडून मूलोद्योग शिकून आले आहेत. मूलोद्योग म्हणजे पोरांनी हातानं काम करायचं आणि त्यातून गणित, भूगोल, सदाचार हे सगळं आपोआप यायचं. म्हणून इथं सूतकताई. या मुलखात कापसाचं बोंड कोणी डोळ्यानं पाहिलेलं नाही. पिंजलेल्या कापसाचे पेळू चांद्याहून येतात ते वाटेत भिजतात आणि त्यांना बुरशी लागते. नथ्थूजी ते बुरसट पेळू पसरून उन्हाची वाट पाहत बसतात आणि पोरांना टकळीच्या भागांची नावं पाठ करायला लावतात. दोघा पोरांनी टकळ्या मासे धरायच्या गळाला वजन म्हणून बांधल्या. सोमारी नावाच्या पोरीनं केसांत खोवली. तिला नथ्थूजींनी सूत आणि स्वावलंबन यावर भलंमोठं भाषण दिलं. तिला मराठीचे चारपाच शब्द येतात, त्यातला एक ‘नाई’. तो तिनं शेवटी वापरला.

माझं काम बागेचं. शाळेमागं मका लावला आहे. हाच नथ्थूजींचा मोठा प्रयोग: पोरांनी पेरायचं, मोजायचं, खायचं, आणि दिवाळीनंतर तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवायचं. साहेबांना शाळेत पोरं दिसली नाहीत तर शाळा बंद, असा कागद आला आहे. मला त्याचं सोयरसुतक नाही. मुखरूला मात्र सांग की दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरेल तेव्हा त्याच्या नाटकमंडळीत माझं राणीचं काम दुसऱ्या कोणाला देऊ नको.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचा असेल तर चिवड्यासोबत पाठव.
तुझा धाकटा, पत्रू

वडसा
ता. ११ सप्टेंबर १९५५

चि. पत्रूस,
ताईचे अनेक आशीर्वाद, तुला ते पचोत.

सागाच्या झाडाची हकीकत वाचली. वाहत जाणाऱ्या वस्तूमागं जायची तुझी सवय जुनी आहे. धानाच्या गिरणीतून गेलास, लाकडाच्या डेपोतून गेलास, पोस्टात तर दुपारच्या जेवणाला म्हणून गेलास तो मंडईत नाचताना सापडलास. मी किती जणांपुढं मान खाली घातली त्याचा हिशेब तू काय ठेवणार. 

आता नीट ऐक. हे म्हणाले, काऊन त्याले अजून सांभाळाचं, म्हातारी गेली तेव्हा पोऱ्या होता, आता घोडा झाला. मी यांच्या हातापाया पडून शब्द दिला आहे की या खेपेस पत्रू टिकेल. यांनी त्यावर आपला शब्द ठेवला: ही नोकरी गेली तर तू या घराचा उंबरा चढायचा नाही. तुझी पेटी आतल्या खोलीतून काढून ओसरीवर ठेवली आहे. आल्यागेल्याला दिसते. परवा दूधवाल्यानं विचारलं, पाहुणे चालले का कुठी. आईबाप नाहीत, भाऊ तू एकच. त्या पेटीकडं बघत मी भाकऱ्या थापते.

तुझा तो मुखरू येऊन गेला. राणीसाठी मिशी काढून ठेव, असं तुला कळवायला म्हणाला. त्याला मी चहा दिला नाही.

शाळेत नीट राहा. नथ्थूजींना हसू नको, निदान तोंडावर.
अजून तुझीच म्हणवणारी, ताई

कोहकानार
ता. २८ सप्टेंबर १९५५

ति. ताईस,
पत्रूचा नमस्कार, जरा वाकून.

पेटी ओसरीवर आहे तर तिथंच राहू दे, मला उचलायला सोपी. इथली शाळा आता आपोआपच बंद पडते आहे, आणि या खेपेस दोष माझा नाही. म्हणजे थोडा आहे.

मका तयार झाला. नथ्थूजींनी एका सकाळी कणसं तोडायला लावली. ओळीत बसवून पोरांना दाणे मोजायला सांगितले, मग दाण्यांवरून गुणाकार, मग म्हणे खा. पोरं खाईनात. नथ्थूजींना वाटलं लाजतात, म्हणून त्यांनी स्वतः एक भाजून खाल्लं आणि मलाही दिलं. ताई, मक्याशी माझं भांडण नाही. मी दोन खाल्ली. पोरं आमच्याकडं अशी बघत होती जणू आम्ही भर चौकात धोतर सोडलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी नाही. बागेत जाऊन पाहिलं तर उरलेली कणसं कोणीतरी परत झाडांना बांधून ठेवली होती. झाडाच्या सालीच्या दोऱ्यानं, एकेक, जिथून तोडली तिथंच. गाठी बारीक होत्या, पोरींच्या हाताच्या. टकळीवर ज्यांचं हातभर सूत निघालं नाही त्याच पोरींनी हे केलं.

झालं असं की इथं नवं पीक पंडुमाच्या आधी कोणी तोंडात घालत नाही. पंडुम म्हणजे त्यांचा नवं खाण्याचा सण, तो भात आल्यावर, दिवाळीच्या सुमारास. आधी देवाला, मग गायत्याला म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, मग सगळ्या घरांना. आम्ही सगळ्यांच्या आधी खाल्लं, आणि पोरांना खायला बसवलं. आता त्या शाळेत पोरं पाठवली तर गावावर काही अरिष्ट येईल, असं त्यांना वाटतं. नथ्थूजींनी गायत्यापुढं उभं राहून जीवनसत्त्वांवर भाषण केलं. गायता कोलू म्हणून आहे, उंच, खांद्यावर कुऱ्हाड, लाकडाच्या डेपोत काम केल्यामुळं मोडकी मराठी बोलतो. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, मास्तर, पोट दुखते का. दुसऱ्या दिवशी नथ्थूजींचं पोट खरंच दुखायला लागलं आणि ते रजा टाकून चांद्याला गेले. जाताना मला सांगून गेले की डेपोवरच्या कामगारांची पोरं फुटाणे देऊन गोळा कर आणि तपासणीला बसव. सदाचाराचा तास त्यांनी मला असा शिकवला.

मी फुटाणे खाऊन टाकले. साहेब येतील, रिकामी झोपडी बघतील, आणि मी मंडईला मोकळा. भाऊजींना सांग, पेटीला कुलूप लावू नका, किल्ली माझ्याकडं नाही.

लोभ शिल्लक असल्यास कळव.
पत्रू

वडसा
ता. १४ ऑक्टोबर १९५५

पत्रूस,

आशीर्वाद लिहीत नाही, उगाच वाया जातील.

शाळा आपोआप बंद पडते म्हणे. तुझ्या हातून सुटलेली प्रत्येक गोष्ट आपोआपच सुटली. दोन कणसं खाल्लीस ती मात्र आपोआप नाही. ज्या पोरींनी तुझं खाणं निस्तरायला कणसं परत बांधली त्यांना तू सोडून चाललास आणि वर मुखरूची राणी होणार. लुगडं नेसून नाचणाऱ्या पुरुषाला मी हसत नाही, पळणाऱ्याला हसते.

यांनी तुझं पत्र वाचलं. पेटी ओसरीवरून पायरीवर आली.

ताई

कोहकानार
ता. २० नोव्हेंबर १९५५

ति. ताईस,
पत्रूचा नमस्कार. हे पत्र उभ्यानं वाचू नको, बस.

पायरीवरची पेटी वाचून मला राग आला, आणि रागात मी कोलू गायत्याकडं गेलो. वाटेत तो मासे पकडायच्या टोपलीला भोक पडलं म्हणून शिवत बसला होता. मी पण शिवायला बसलो, वाकडंतिकडं, आणि कशाला आलो होतो तेच विसरलो. शेवटी त्यानंच विचारलं. मी विचारलं की शाळेनं चूक केली, तर तिचं निस्तरणं काय. तो म्हणाला, निस्तरतो घरवाला. तुह्या शाळेले चूल आहे का. चूल नाई ते घर नाई, त्याचा पंडुम कोण करन. मी म्हटलं, चूल मांडतो, त्यात काय. तो हसला. त्या हसण्यानं भाऊजींची आठवण आली. म्हणाला, चूल मांडली तर माणूस पुढच्या पंडुमपर्यंत तिथंच राह्यते. चूल टाकून जाणाऱ्यापाशी पोरं कोण ठेवन.

पुढचा पंडुम म्हणजे यंदाचा नव्हे, त्यानंतरचा; अख्खं वर्ष, ताई. मी अख्खं वर्ष कुठंच राहिलो नाही, आईच्या पोटातसुद्धा नाही. म्हणालो, विचार करतो. परत आलो. बागेत ती बांधलेली कणसं वाळून खडखडत होती, एकही तुटलं नव्हतं. वाऱ्यानं सगळी मिळून वाजत होती. तो आवाज ऐकत बसलो, मुखरूसुद्धा आठवला नाही.

मग नदीवरून तीन दगड आणले. एक सारखा डुगडुगायचा, तो तीनदा बदलला. नथ्थूजींचा फळा भिंतीला टेकवून जागा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोमारी आली, दगड पायानं हलवून पाहिले, मला ‘नाई’ म्हणाली आणि डुगडुगणारा चौथ्यांदा बदलून गेली. त्यानंतर पोरं आली. बागेत पाऊल टाकत नाहीत, पण आत बसतात. पंडुमच्या दिवशी शाळेचंही एक घर धरलं. गायत्यानं मला शेवटचा द्रोण दिला, सगळ्यांच्या मागून, आणि सगळे बघत होते मी हावरटासारखा खातो का. सावकाश खाल्लं.

साहेब येऊन गेले. सूत मागितलं, बुरसटलेले पेळू दाखवले, उत्तम म्हणाले. चुलीबद्दल विचारलं, मी म्हटलं, मूलोद्योग. ते त्यांनी लिहून घेतलं.

मुखरूला सांग राणी दुसरीकडं दे. पेटी हवी तिथं ठेवा.
तुझा पत्रू

वडसा
ता. ३ डिसेंबर १९५५

चि. पत्रूस,
ताईचा आशीर्वाद. जपून वापर.

तुझं पत्र यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचत मी चुलीपाशी आले तसे हे हसायला लागले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. या घरात राहून तू कधी चुलीत एक लाकूड सारलं नाहीस, आणि तिकडं जाऊन घरवाला झालास. हे म्हणाले, मंडई संपेस्तोवर पाह्य, येते का नाई पळून. मुखरूही खात्रीनं बसून आहे. काल त्यानं राणीचा टोप तुझ्या पेटीत ठेवून दिला, पत्रू येईन तेव्हा शोधाले नको म्हणे. मला कोणाचाच राग आला नाही. कारण माझ्याही मनात तेच होतं.

हे पत्र इथवर लिहिलं आणि फाटकाशी कोणी तरी उभं राहिलं. उंच माणूस, खांद्यावर कुऱ्हाड, अंगावर घोंगडी. लाकडाच्या ट्रकवर बसून आला म्हणे, मग चांद्याहून आगगाडी. नाव कोलू. हे ओसरीवरच होते. त्यानं यांना रामराम केला, पण बसला नाही. म्हणाला, पत्रू मास्तरानं आमच्या गावात चूल मांडली. चूल मांडणाऱ्याचं माणूस पाहाव लागते. बाप नाई म्हणाला, बहीण आहे म्हणाला. म्हणून आलो. मग माझ्याकडं बघून विचारलं, बाई, हा राह्यणारा माणूस आहे का.

यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी हो म्हटलं. किती मोठ्यानं म्हटलं ते शेजारच्या भागीरथाबाईला विचार, ती भिंतीवरून डोकावली.

कोलू पेटीवर बसून चहा पितो आहे. पेटी त्याच्यासोबतच देते आहे, पत्र तिच्यातच टाकते. यांनी स्वतः उचलून फाटकापर्यंत न्यायचं कबूल केलं आहे. मुखरूचा टोप तेवढा मी काढून घेतला.

तुझी ताई