आकारामबाबाचं नाक

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.
पावणं आमचं, पण दारात पहिली आली शेजारची पद्मजा. रिटायर मास्तरीण. गल्लीत रिक्षा थांबली की हिचा पडदा हललाच! पावणं इटलीचं. आमच्या ह्यांचा चुलता, आकारामबाबा, लढाईला तिकडं गेलता. तिथंच लग्न केलं, परत आलाच न्हाय. त्याचं परतवंड आता जोडीनं येणार, हे नात मैथिलीनं मोबाईलवर जमवलेलं. मैथिली पुण्यात, परवा येणार. पण रक्त वळखाय दुभाषा कशाला?

दोघं उतरली. निमल म्हणून काळासावळा गडी. सोफिया म्हणून पांढरीफेक बाई. निमलला बघितलं आणि वळखलंच. आकारामबाबाचं नाक! फेटा बांधला, ओवाळलं. बायकोला चहा दिला.

संध्याकाळ.
मैथिलीचा फोन. म्हणाली, आजी, इटालियन म्हंजे देश, कातड्याचा रंग न्हवं, आणि घराणं त्याहून निराळं. मी येईस्तोवर कुणाला काय ठरवू नको. व्हय म्हटलं. पोरीला जास्तच शिकवलं.

५ फेब्रुवारी, बुधवार.
निमलला जोतिबाला नेलं. गुलालात न्हाला. शेतात तुझा वाटा हाय म्हटलं, मुंडी हलवली. काय बी म्हणा, मुंडी हलवतो. डिट्टो आमचं हे!

सोफिया आकारामबाबाच्या फोटोपुढं उभी राहून रडली. तांबडा रस्सा झोंबला असणार. साखर दिली. मग पद्मजा तिला आपल्या घरी घेऊन गेली. जाऊ दे, परक्याचं पोर.

आजपासून फुशारकी बंद. फक्त गल्लीत सांगितलंय. आणि कालच्या हळदीकुंकवाला. आणि गिरणीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
मैथिली आली ती सोफियाच्या गळ्यातच पडली. मग निमलचा फेटा बघून कपाळाला हात लावला. निमलचे आईबाप श्रीलंकेचे. दोघं इटलीचीच, पण आकारामबाबाची पणती ती. म्हटलं, एवढी गोरी? तर म्हणे, पणजी गोरी, आजी गोरी, आई गोरी, मग काय व्हणार?

मला संशय होताच. फेट्याखाली नाक नीट दिसलं न्हवतं.

सोफियाला पोटाशी धरलं. साडी नेसवली. लई गुणाची पोर! पद्मजाला ‘आजी’ म्हणती. मला ‘मॅडम’.

आता दोघं हिंडाय निघाली, रविवारी परत येतो म्हणाली. पद्मजाकडं जेवायला. पोरीकडची पावणी म्हणून मला बी बोलावलंय.